अर्धविरामानंतरचं वाक्य

लोगन, ब्रिस्बेनजवळ
३ जून

तालोफा काका,

तुमचं मागचं पाकीट मिळालं. शब्दकोशासाठीची एकोणीस अवतरणं होती, सगळी पान क्रमांकासकट. 'मासेमारीचं जाळं' या नोंदीखाली तीन वर्षं काही नव्हतं, तिथे आता १८९४ सालचं वाक्य बसलंय. आमचे पाचही स्वयंसेवक तुमचं नाव घेतात. एकजण म्हणाली, "हे सवाई बेटावरचे निवृत्त पाळक म्हणजे आपलं अर्धं ग्रंथालय."

पण आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर जेवणाची टेबलं मांडत होते. लुपे नावाची एक बाई आली. मी 'तालोफा' म्हणत हात पुढे केला, तिने नाही केला. म्हणाली, "तुम्हीच ना तो इंटरनेटवरचा आपल्या भाषेचा शब्दकोश चालवता?" मी आनंदाने हो म्हटलं. ती म्हणाली, "मग ऐका. मी फालेतोआ गावातल्या फुआतिनोची सून. तुमच्या शब्दकोशाने माझ्या सासूचं घर घ्यायला काढलंय." आणि ताट तसंच ठेवून निघून गेली.

मी चौकशी केली तेव्हा कळलं की आपल्या पेनीने फुआतिनोच्या कुटुंबाला किनाऱ्यावरून उठवण्यासाठी जमिनीच्या कोर्टात दावा लावलाय. वर्ष झालं म्हणे. माझा सख्खा भाऊ, आणि मला हे परक्या बाईकडून कळतं. दाव्याच्या कागदांत 'फाआनोफो' या शब्दाची आपली नोंद छापून जोडलीय. फाआनोफो म्हणजे बसवणं. पहिला अर्थ, पाहुण्याला तात्पुरतं बसवणं, आणि त्याखाली तुम्ही 'गावांच्या गोष्टी' या १९२१ च्या पुस्तकातून पाठवलेलं वाक्य: "आगीतून आलेल्यांना तोलूआपाने आपल्या किनाऱ्यावर बसवलं, जसा पाहुणा बसवतात."

तोलूआपा म्हणजे आपल्या घराण्याचा प्रमुख, आणि आगीतून आलेले म्हणजे आगीचा डोंगर फुटला तेव्हा गाव गमावलेले फुआतिनोचे पूर्वज. एवढं मलाही समजतं. वाक्य निवडताना मी त्याचा असा विचारच केला नव्हता.

त्या पानाचा, म्हणजे पान ६१ चा, फोटो पाठवाल का? वरचा-खालचा मजकूरही दिसू दे. एकदा डोळ्यांनी पाहिलं की जिवाला बरं वाटेल.

तुमची,
मातालेना

*

फालेतोआ, सवाई
९ जून

प्रिय मातालेना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू बरी आहेस हे वाचून समाधान वाटलं. इकडे अळूला कीड लागलीय, पानं चाळणीसारखी झालीत. रविवारी भाजलेल्या पानांऐवजी डब्यातले मासे खाल्ले. नवे पाळक प्रवचन फार लांबवतात. माझ्या वेळी लोक तक्रार करायचे, आता म्हणतात आपला जुना इओसेफो पाळकच बरा होता.

चर्चमधल्या बायकांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. परदेशात राहणाऱ्यांना गावातलं सगळं अर्धवट कळतं. आपला पेनी, पेनिआमीना, आता घराण्याचा प्रमुख आहे. तोलूआपा हे पद त्याच्याकडे आहे. त्याला किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी झोपड्या बांधायच्या आहेत, गावातल्या पोरांना काम मिळेल असं तो म्हणतो. जमिनीचं काय करायचं ते त्याने आणि पंचांनी बघावं. मी म्हातारा माणूस, त्याच्या घरात राहतो, त्याच्या बायकोच्या हातचं खातो.

पुस्तकाचं म्हणशील तर त्याला वाळवी लागलीय. कापडात गुंडाळून पेटीत ठेवलंय, उघडलं की पानं तुटतात. फोटोचं नंतर बघू.

तू छापलेलं वाक्य अक्षरन्‌ अक्षर बरोबर आहे. एकही शब्द पुस्तकाबाहेरचा नाही. तेवढ्यावर निश्चिंत राहा.

देव तुला सुखी ठेवो.

काका

*

लोगन
१३ जून

तालोफा काका,

अळूच्या किडीला राख मारून बघा.

तुम्ही मला लहानपणी शिकवलंत की पुस्तकातलं काही सांगायचं असेल तर पुस्तक मांडीवर घेऊन सांगावं. अकरा वर्षांची होते मी. तेच करा म्हणतेय, आणि तुम्ही वाळवी सांगताय. गेल्याच महिन्यात त्याच पुस्तकातून तुम्ही सात अवतरणं पाठवलीत, पान ४० पासून पान ८८ पर्यंतची. मग ६१ तेवढं कसं तुटेल?

काल पेनीला फोन केला. आधी हसला. म्हणाला, "आमच्या शब्दकोशवाल्या ताईला आज भाऊ आठवला." मी विचारलं, दावा लावताना मला का सांगितलं नाहीस? तर म्हणतो, "सांगायचं काय त्यात? तू छापलंस, मी वाचलं. उलट तुझे आभार मानायला हवेत. शंभर वर्षं हे लोक आमच्या डोक्यावर बसलेत, आणि कुणाकडे एक ओळ लिहिलेली नव्हती." मग आवाज बदलला त्याचा. "आणि काकांना पत्रं लिहून छळू नकोस. चौदा ऑगस्टला त्यांची साक्ष आहे. वाक्य पुस्तकात आहे एवढंच त्यांना सांगायचंय."

तुम्ही साक्ष देणार आहात हे तुमच्या पत्रात नव्हतं.

त्या पुस्तकाची दुसरी प्रत सिडनीच्या एका मोठ्या ग्रंथालयात आहे, यादीत सापडली. शाळेच्या सुट्टीत जाऊन बघून येते. तुमच्या पेटीला हात लावायला नको.

मातालेना

*

फालेतोआ
१८ जून

मातालेना,

सिडनीला जायची काही गरज नाही. एवढा प्रवास एका ओळीसाठी कोण करतं? तू शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करतेस, सुट्टीत विश्रांती घे.

पेनी तापट आहे पण वाईट नाही. तुझे वडील गेल्यावर त्यानेच घर धरून ठेवलं. भावाबहिणीत वितुष्ट येऊ देऊ नकोस, एवढंच मागतो.

काका

*

लोगन
२ जुलै

काका,

जाऊन आले.

पुस्तक तळहाताएवढं आहे, निळ्या पुठ्ठ्याचं. कापसाच्या उशीवर ठेवून दिलं मला, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. पान ६१ उघडायला अर्धा मिनिटही लागलं नाही. तुम्हाला ते पान पाठ असेल, तरी लिहिते:

"आगीतून आलेल्यांना तोलूआपाने आपल्या किनाऱ्यावर बसवलं, जसा पाहुणा बसवतात; आणि सातव्या वर्षी त्यांनी तलम चटया आणल्या, तेव्हा त्यांना तिथेच बसवलं, जसा घरचा माणूस बसवतात, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी."

पाहुणा बसवतात, तिथे पूर्णविराम नाही. अर्धविराम आहे. आणि अर्धविरामानंतर सगळी जमीन फुआतिनोची आहे.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पाणी हवं का विचारलं.

अक्षरन्‌ अक्षर बरोबर आहे असं तुम्ही लिहिलंत. खरंच, होतं. पाळक होऊन चाळीस वर्षं लोकांना खरं-खोटं शिकवणाऱ्या माणसाने हे वाक्य किती तोलून लिहिलं असेल, याचाच विचार करत विमानात बसले होते. अर्धं वाक्य पाठवायचं, उरलेलं पेटीत ठेवायचं, आणि मग वाळवीला पुढे करायचं.

ज्यांच्या भरवशावर मी चार हजार अवतरणं छापली ते तुम्ही. आता त्यातलं कुठलं पुरं आणि कुठलं अर्धं, मी कसं ओळखू? पेनीने सांगितलं म्हणून कापलंत का? की त्याने सांगायच्याही आधी?

उत्तर द्या. वाळवी नको, अळू नको.

मातालेना

*

फालेतोआ
८ जुलै

मातालेना,

तुझ्या रागाला उत्तर द्यायचा मला अधिकार नाही, पण एका गोष्टीचं द्यायलाच हवं.

चार वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातलं माझं पाकीट काढ. तू सगळी पाकिटं खोक्यात वर्षावार लावून ठेवतेस, तूच सांगितलं होतंस. त्यात 'फाआनोफो'ची चिठ्ठी असेल. बघ त्यावर काय लिहिलंय. पाहून झालं की पुढचं वाच.

पाहिलंस? मी पूर्ण वाक्य पाठवलं होतं. चटया, सातवं वर्ष, पिढ्यान्‌पिढ्या, सगळं. ते अर्ध्यावर तू तोडलंस.

हे तुला दुखवायला सांगत नाही. कारण यापुढचं जे आहे ते माझं आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

नोंद छापून आली त्याच आठवड्यात मी ती पाहिली. वाक्य तुटलंय हे माझ्या लक्षात आलं. तुला लिहायला बसलो, मग वाटलं लहानशी गोष्ट आहे, पुढच्या पत्रात लिहू. पुढच्या पत्रात विसरलो. तेव्हा खरोखर विसरलो होतो. मग मागच्या वर्षी पेनी छापलेला कागद घेऊन माझ्या खोलीत आला. म्हणाला, "काका, हे तुमच्या पुस्तकातलं ना?" मी म्हटलं, हो. त्याने विचारलं, "एवढंच आहे ना?" आणि मी म्हटलं, "एवढंच."

तो एक शब्द. त्यानंतर दर दिवशी तो परत घेणं जास्त अवघड होत गेलं.

का म्हणालो, तेही सांगतो. माझं स्वतःचं घर नाही. पाळकाचं घर नव्या पाळकाला गेलं. तुझी काकू पेनीच्या अंगणात पुरलीय, दारातून बाहेर पडलो की आधी तिच्या थडग्यावरची पानं झाडतो. मला वाटलं, एक शब्द बोललो तर हे अंगण जाईल. भीती वाटली, दुसरं काही नाही. सत्तरीतल्या माणसाला कशाची भीती वाटेल ते तुला आत्ता नाही कळायचं.

तुझ्यासाठी वाट मोकळी आहे. तू वाक्य गुपचूप पुरं करून टाक. कोर्टातला छापील कागद जुना आहे, तो तसाच राहील. पान कुणी उघडणार नाही. तुझ्या शब्दकोशावर डाग येणार नाही आणि घरात भांडण होणार नाही.

काका

*

लोगन
१६ जुलै

तालोफा काका,

चिठ्ठी सापडली. तुमच्या अक्षरात पूर्ण वाक्य आहे आणि अर्धविरामानंतरच्या भागावर माझ्याच लाल पेन्सिलची रेघ. मागे मी लिहिलंय: 'लांब आहे. अर्थ १ साठी एवढं पुरे.'

मला आठवलं ते. त्या आठवड्यात दोनशे नोंदी संपवायच्या होत्या. आमचा नियम होता की अवतरण फोनच्या पडद्यावर दोन ओळींत बसलं पाहिजे. पहिल्या अर्थाला पाहुणा पुरेसा होता, दुसऱ्या अर्थाला, म्हणजे कायमचं बसवणं याला, एक जुनं वाक्य आधीच होतं. म्हणून तोडलं. तोडल्याची तीन टिंबंसुद्धा दिली नाहीत. शेवटी पूर्णविराम दिला, कारण तो नीटनेटका दिसत होता.

मागच्या पत्रात तुम्हाला जे लिहिलं त्याची माफी मागते. सगळ्याची नाही. जे माझं होतं ते तुमच्यावर टाकलं, तेवढ्याची.

गुपचूप पुरं करणार नाही. काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको.

नोंदीत पूर्ण वाक्य घातलं. खाली लिहिलं: 'हे अवतरण चार वर्षं अपुरं छापलेलं होतं. ते संपादकाने तोडलं होतं. तोडलेल्या भागाने अर्थ बदलतो.' आणि माझं नाव. ग्रंथालयाने शिक्का मारून दिलेली पान ६१ ची नक्कल कोर्टाला पाठवली, एक लुपेच्या हाती दिली. लुपेने पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. म्हणाली, "हे तुम्हाला आधी बघता आलं नसतं का?" मी म्हटलं, "आलं असतं."

पेनीला सगळ्यात आधी सांगितलं, कुठलंही पाकीट टपालात टाकण्यापूर्वी. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू तिकडे राहतेस. तुला इथे कुणाला तोंड दाखवायचं नाहीये. वडिलांचं पद मी सांभाळतो, आणि तू परदेशात बसून त्याच्यावर दगड मारतेस."

मी म्हटलं, "पेनी, वाक्य पुरं वाच एकदा. आपल्याच पणजोबांनी त्यांच्या चटया घेऊन त्यांना घरचं मानलं होतं."

"पुस्तकात काय, कुणीही काहीही लिहितं."

"त्याच पुस्तकावर तर तू दावा लावलायस."

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

काका, चौदा ऑगस्टला तुम्हाला कोर्टात उभं करतील. पान कोर्टापुढे आहे, तरी पेनी म्हणेल ती सिडनीची प्रत वेगळी आहे. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. अंगणाचं वाचलं मी. काकूंची पानं कोण झाडेल याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मातालेना

*

फालेतोआ
१७ ऑगस्ट

प्रिय मातालेना,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझ्याकडून धीर मागितला असता, आणि तो उसना घेऊन कोर्टात जायचं नव्हतं.

कोर्टात पेनीच्या बाजूला आमचं सगळं घराणं बसलं होतं, फुआतिनोकडे ती आणि तिचे दोन मुलगे, त्यातला एक लुपेचा नवरा. फुआतिनोने पांढरा पोशाख घातला होता. मी तिला पंचवीस वर्षं प्रभूभोजन दिलं, पण त्या दिवशी तिच्याकडे बघवेना.

पेनीने आधी तेच सांगितलं जे तू लिहिलं होतंस. सिडनीच्या प्रतीचा भरवसा काय? गावातली प्रत काकांकडे आहे, त्यांना विचारा.

न्यायाधीशांनी मला बोलावलं. छापील कागद दाखवला. "हे वाक्य तुमच्या पुस्तकात आहे?"

"आहे."

"एवढंच आहे?"

पेनीने जे विचारलं होतं तेच शब्द, मातालेना. माझ्या बगलेत पुस्तक होतं, कापडात गुंडाळलेलं. मी कापड सोडलं आणि पुस्तक उघडलं. वाळवी नाहीच त्याला, कधी नव्हती. चष्मा लावला आणि पान ६१ वरचं वाक्य पहिल्यापासून वाचलं, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी इथपर्यंत. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.

न्यायाधीश म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "एक वर्षापूर्वी मला विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. पेनिआमीनाला पूर्ण वाक्य माहीत नव्हतं, ते मी त्याच्यापासून लपवलं."

हे खरं आहे, आणि ते सगळ्यांसमोर म्हणणं गरजेचं होतं. पेनीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

दावा फेटाळला. फुआतिनोचं कुटुंब आहे तिथेच राहील.

बाहेर आल्यावर मी तिच्याकडे गेलो, माफी मागायला. गुडघ्यावर बसायला लागलो तर तिने मुलाला सांगितलं, पाळकांना उठव. मग म्हणाली, "गेलं वर्षभर तुम्ही रोज माझ्या दारावरून चर्चला गेलात. हात वर करून तालोफा म्हणालात. मी पण म्हणाले. मी तुम्हाला विचारणार होते, तुमच्याकडे जुनी पुस्तकं असतात, आमच्याबद्दल काही लिहिलंय का बघा म्हणून. मग वाटलं, असतं तर पाळकांनी स्वतःच सांगितलं असतं."

एवढं बोलून ती ट्रकमध्ये चढली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर माझी पेटी रस्त्यावर ठेवलेली होती. नीट ठेवली होती, फेकलेली नव्हती. वर माझी छत्री. पेनी दिसला नाही. त्याची बायको पडवीत उभी राहून रडत होती, तिने एक डबा हातात दिला आणि आत गेली.

सध्या चर्चच्या मागच्या खोलीत आहे. छप्पर गळतं पण झोपायचा कोपरा कोरडा राहतो. काल सकाळी तुझ्या काकूच्या थडग्यावर गेलो. वाटलं पेनी हाकलेल. तो अंगणात नारळ सोलत होता. मी पानं झाडली. तो सोलत राहिला. मी निघालो तेव्हा म्हणाला, "तुम्ही निदान मला तरी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." त्याने हाकललं नाही.

तुला यातलं काही आपल्यामुळे झालं असं वाटेल. तुझा वाटा तुझ्याकडे ठेव, माझा मागू नकोस.

काका

*

लोगन
३० ऑगस्ट

तालोफा काका,

पत्र शाळेत वाचलं. मुलं पुस्तकं परत करायला रांगेत उभी होती, आणि मी पाठ फिरवून वाचत राहिले. कुणी गडबड केली नाही.

डिसेंबरमध्ये येतेय. तिकीट काढलं. पेनीला कळवलंय, उत्तर नाही. त्याच्या दारात जाईन, घरात घेतलं तर आत, नाही तर तुमच्या मागच्या खोलीत. फुआतिनोकडेही जाईन. तिने बोलावं अशी अपेक्षा नाही. तिच्या घराण्याचं वाक्य मी तोडलं, ते तिच्यासमोर उभं राहून सांगायचंय, एवढंच.

मागे तुम्हाला रागाने विचारलं होतं की चार हजारांतलं कुठलं पुरं आणि कुठलं अर्धं हे कसं ओळखू. उत्तर आता मिळालंय. तुमच्या चिठ्ठ्या सगळ्या पुऱ्या आहेत. खोकी जमिनीवर मांडून मी एकेक चिठ्ठी छापलेल्या नोंदीशी ताडून बघतेय. शाळेतून आल्यावर जेवणापर्यंत, रोज. दोन ओळींचा नियम काढून टाकला. स्वयंसेवकांपैकी दोघी सोडून गेल्या, म्हणाल्या एका वाक्यापायी एवढं कशाला. उरलेले तिघे आपापली खोकी तपासताहेत.

आज दोनशे बाराव्या चिठ्ठीपर्यंत आले. आणखी दोन सापडली. एका वाक्यातून 'नाही' गेलाय. दुसऱ्यातून एका माणसाचं नाव गेलंय, ज्याने विहीर खणली त्याचं. त्यांच्यामुळे कुठे कुणाचं काय बिघडलं, हे मला कधी कळणार नाही. दोन्ही पुरी केली, खाली तारीख घातली, आणि कुणी तोडली होती तेही लिहिलं.

मातालेना